एमआय रूमवाल्यांचं शौर्य कुणी मोजतं का?

जगबुडीकाठ (धागाकर्ता)

खेड, दापोली, मंडणगड, महाड या पट्ट्यात फौजेत कुणीच गेलं नाही असं घर शोधावं लागतं. महाड तालुक्यातल्या एका आंबवड्याला तर सगळे फौजी आंबवडे म्हणूनच ओळखतात. त्यामुळे लढाईच्या गोष्टींना आमच्याकडे कधी तोटा नव्हता. पण लहानपणापासून ऐकल्या त्या सगळ्या बंदूकवाल्यांच्या. कोण कसा चढला, कुणी बंकर कसा उडवला. आणि जखमी झालेल्याचं काय? "मग मेडिकलवाले आले नि त्याला घेऊन गेले." संपलं. हे एवढंसं वाक्य मला फार दिवस खटकतंय, म्हणून धागा काढला. (एमआय रूम म्हणजे पलटणीतला दवाखाना.)

कारण ते "आले" कुठून? जिथून बाकीचे डोकं वर काढत नव्हते, तिथूनच ना?

दोन उदाहरणं माझ्याकडून. रेझांग ला बहुतेकांना माहीत असेल. १८ नोव्हेंबर १९६२, लडाख, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंह. या कंपनीबरोबर आर्मी मेडिकल कोअरचा एक नर्सिंग असिस्टंट होता, धर्मपाल सिंह दहिया. सोळा हजार फुटांच्या वर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, दारूगोळा संपत आलेला आणि हा माणूस एका खंदकातून दुसऱ्या खंदकात पट्ट्या बांधत फिरत होता. १९६३ च्या सुरुवातीला तिथे मृतदेह सापडले तेव्हा त्याच्या हातात सिरिंज आणि पट्टी होती, असं सांगितलं जातं. मरणोत्तर वीरचक्र मिळालं. शैतान सिंहांचं नाव शाळेतल्या पोराला विचारा, सांगेल. दहियांचं नाव मोठ्यांना विचारून बघा.

दुसरं कोरियाचं. त्या युद्धात भारताने लढणारी पलटण पाठवली नाही, पाठवली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे जखमींवर उपचार करणारी वैद्यकीय तुकडी. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. नोव्हेंबर १९५० मध्ये हे लोक कोरियात उतरले आणि थोड्याच दिवसांत चिनी सैन्याच्या रेट्यापुढे प्योंगयांग सोडायची वेळ आली. गाड्या नाहीत. शस्त्रक्रियेचं सामान टाकून जा, असं सांगण्यात आलं. सामान टाकलं तर पुढे आपण तिथे करायचं काय, असा विचार करून यांनी एक जुनं वाफेचं इंजिन आणि काही डबे शोधले. माणसांची रांग लावून बादल्यांनी बॉयलर भरला. इंजिन चालवणारेही आपल्यातच निघाले, आणि पूल उडवण्याच्या जरा आधी गाडी पलीकडे काढली. पुढे २३ मार्च १९५१ ला मुनसान-नी इथे अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर यांच्यातल्या १२ जणांनी विमानातून उड्या मारल्या. रंगराज यांना महावीरचक्र मिळालं.

तुमच्या गावातले, घरातले कुणी एमआय रूमवाले, फील्ड अँब्युलन्सवाले असतील तर लिहा.

सुरंगी

वाचतेय. मला फक्त तो अमेरिकेचा डेस्मंड डॉस माहीत होता, ओकिनावातला, बंदुकीला हात न लावता कड्यावरून माणसं उतरवणारा. आपल्याकडचं हे काहीच ठाऊक नव्हतं. वाचनखूण साठवली.

पेन्शनर_दापोली

विषय चांगला काढलात. आमच्या कॅम्पात (दापोलीला आम्ही जुने लोक अजून कॅम्पच म्हणतो) संध्याकाळी बसणाऱ्यांत दोघे मेडिकल कोअरचे आहेत. त्यांना लिहायला सांगितलं तर म्हणाले तूच लिही. तर इन्फंट्रीवाल्याच्या नजरेतून लिहितो.

पहिली गोष्ट, मेडिकलवाला बिनहत्यारी असतो हा सिनेमातला समज आहे. जिनिव्हा करारात स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरतं हत्यार चालतं. पण तुम्हीच विचार करा, दोन्ही हात जर जखमेत असतील तर खांद्यावरची रायफल काय कामाची? त्या वेळी त्याचा बचाव आजूबाजूचे करतात, म्हणजे आम्ही. आम्ही नेम धरायला खाली मान घालतो, तो उठून चालतो. फरक इथे आहे.

दुसरी गोष्ट, नर्सिंग असिस्टंट पलटणीचा नसतो. तो कोअरचा, पोस्टिंगवर येतो. आमच्या मराठा पलटणीत केरळचा पोरगा आला होता. मराठी शून्य. पहिले दोन महिने पोरं त्याची थट्टा करायची, कारण शांततेच्या काळात एमआय रूमवाला म्हणजे सिक रिपोर्टला गेलेल्याला गोळ्या देऊन परत परेडला पिटाळणारा माणूस. सगळ्यांना वाटतं याची मजा आहे. मग एलओसीवर गेलो. तिथे पहिल्यांदा शेलिंग झालं, त्यानंतर त्याची थट्टा कुणी केली नाही. आमचा जयघोष तो आमच्याहून मोठ्याने द्यायचा.

साखळी कशी असते ते सांगतो, कारण लोकांना वाटतं हेलिकॉप्टर येतं आणि झालं. जखमी झाला की आधी स्वतःची किंवा बाजूच्याची फील्ड ड्रेसिंग, ती प्रत्येकाकडे असते. जखमीचीच वापरायची, स्वतःची नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मग कंपनीबरोबरचा नर्सिंग. मग तिथून आरएपी, म्हणजे रेजिमेंटल एड पोस्ट, जिथे आरएमओ साहेब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, बसतात. बसतात म्हणजे दगडाच्या आडोशाला ताडपत्री. तिथून मागे ड्रेसिंग स्टेशन, फील्ड हॉस्पिटल, मग हवामान असेल तर हेलिकॉप्टर आणि बेस हॉस्पिटल. कारगिलला हे श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलला जायचे. हवामान नसेल तर खांदे. डोंगरात एका स्ट्रेचरला चार माणसं, आणि दर थोड्या वेळाने बदलायला आणखी चार. आपल्याकडे पावसात वाडीवरून बाळंतिणीला डोलीतून सडकेपर्यंत आणतात ते पाहिलं असेल त्याला कळेल. फक्त वरून गोळे पडत नाहीत.

वेंगुर्ल्याचो_बाबलो

माझो काको मराठा पलटणीत बँडात होतो. गणपतीक घराक इलो की क्लॅरिनेट वाजवी. आमी पोरां म्हणू, ह्यो कसलो सोल्जर, ह्यो तर वाजपी! मोठो झाल्यार कळला की लढाई लागली की बँडवाल्यांचा वाजप बंद आणि हातात स्ट्रेचर. एकाहत्तरात तो पूर्वेक होतो. कितीय इचारलंय तरी एवढाच सांगी, "माणूस जड नसता रे, चिखल जड असता." ह्येच्या पलीकडे काय एक सांगूक नाय. मेडल नाय, फोटो नाय. क्लॅरिनेट हा अजून माळ्यार.

पेन्शनर_दापोली

बाबलोशी शंभर टक्के सहमत. बँडवाले स्ट्रेचर बेअरर ही फार जुनी पद्धत. २६ जानेवारीला टाळ्या त्यांच्या बँडला पडतात, या कामाला नाही.

मोडीवाचक

थोडा इतिहास जोडतो. रत्नागिरी-कुलाब्याच्या बऱ्याच गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. कोकणातले पुष्कळ मराठे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनची लढाई झाली. डिव्हिजनचे चार हजारांहून जास्त जखमी आणि मृत. आणि त्यांना मागे आणायची व्यवस्था? खेचरांच्या सामानाच्या गाड्या. लोखंडी, बिनस्प्रिंगच्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाडीत घालून वाळवंटातून मैलोनमैल नदीपर्यंत. पुढे बोटी. त्यातली मेजिदिए नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा तिच्यावर सुमारे सहाशे जखमी होते, कित्येकांच्या पट्ट्या लढाईच्या दिवसापासून बदललेल्या नव्हत्या, जुलाब लागलेली माणसं जागच्या जागी पडलेली. हॉस्पिटलच्या बोटीवरचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी ते पाहिलं आणि लेखी तक्रार केली. वरिष्ठांनी त्यांना धमकावलं, गप्प बसा म्हणून. ते गप्प बसले नाहीत. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला, त्यात हे सगळं छापलं गेलं आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

माझं मत विचाराल तर कार्टरने केलं तेही रणांगणावरचंच शौर्य. गोळी एकदाच लागते, वरिष्ठाचा राग पेन्शनपर्यंत लागतो.

त्याच मोहिमेत २१ जानेवारी १९१६ ला ओरा इथे कॅप्टन जॉन सिंटन या डॉक्टरला दोन्ही दंडांतून आणि कुशीतून गोळ्या लागल्या, तरी उजेड असेपर्यंत तो जखमींजवळून हलला नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नंतर हाच माणूस भारतात मलेरियावर काम करत राहिला.

डॉक्टरांची नावं तरी राहिली. डोल्या आणि स्ट्रेचर वाहणाऱ्या आर्मी बेअरर कोअरच्या माणसांना त्या काळी लढवय्ये म्हणूनसुद्धा धरत नसत. पगारही कमी.

स्पष्टच_बोलतो

सगळं छान आहे, पण एक कडू प्रश्न. मेडिकलवाला जखमीला बरा करतो कशासाठी? परत लढायला पाठवण्यासाठी. सैन्याच्या दृष्टीने ती दुरुस्ती आहे. मग त्याला करुणेचा मुलामा कशाला? दुसरं, ज्याने आपलं काम केलं त्याला शौर्य म्हणायचं तर उद्या एसटीचा ड्रायव्हरही शूर. (कशेडी घाटात असतो म्हणा.)

सुरंगी

कशेडीबद्दल +१. बाकीच्याशी असहमत, पण उत्तर नीट देता येत नाहीये.

ओटी_सिस्टर

मी देते. चिपळूणला शस्त्रक्रिया विभागात वीसेक वर्षं काढली आहेत. फौजेत नव्हते, पण महामार्गावरचे अपघात पुष्कळ पाहिलेत.

"परत पाठवण्यासाठी" हे खरं असतं तर पाय गेलेल्यासाठी कुणी जीव धोक्यात घातला नसता. तो परत लढणार नाहीये हे मेडिकलवाल्याला सगळ्यांत आधी कळतं. तरी तो जातो. आणि कराराप्रमाणे शत्रूचा जखमीही त्याचाच पेशंट. १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हेन्री द्युनाँने हेच डोक्यात घेऊन रेड क्रॉसचा पाया घातला.

आता शौर्य कशात, तर मला ते धावत जाण्यात कमी आणि सोडून जाण्यात जास्त दिसतं. नेपोलियनच्या सैन्यातल्या लॅरे नावाच्या सर्जनने नियम घातला की हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की पाच जण पडलेत, तुमच्याकडे दोन हात आहेत, आणि जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतोय त्याला ओलांडून जायचं. कारण ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. आणि ज्याचं काही होणार नाही हे दिसतंय, तो तुमच्याच बराकीत झोपणारा, तुमच्याकडे बघत असतो, त्याला मॉर्फिन देऊन पुढे जायचं. आम्हाला एका बस अपघातात असं करावं लागलं होतं. तिथे गोळीबार नव्हता, मदतीला डॉक्टर होते, वर दिवे होते. तरी नंतर कित्येक रात्री झोप लागली नाही. हे काम विशीतला पोरगा अंधारात करतो. त्याला कामच म्हणा, हरकत नाही. पण हे काम आहे असं म्हणून ते लहान होत नाही.

स्पष्टच_बोलतो

हे पटलं. सोडून जाण्याचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. दुरुस्तीबद्दल मात्र माझं मत कायम. सैन्य म्हणून बघाल तर तो हिशेब असतोच, भले त्या माणसाच्या मनात नसो.

सोलापूर_ते_सावंतवाडी

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना विसरलात काय सगळे? सोलापूरचे. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, बाकीचे परतले, हे राहिले. १९४० मध्ये एका लढाईत सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय ३२.

मोडीवाचक

विसरलो नाही, पण कोटणीस सर्वांना माहीत आहेत. अवांतर: गांधीजींनीही स्ट्रेचर उचललेलं आहे. बोअर युद्धात १८९९-१९०० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे अकराशे हिंदी लोकांचं अँब्युलन्स पथक उभं केलं, स्पिऑन कॉपच्या लढाईतले जखमी वाहिले. पदकही मिळालं होतं.

जगबुडीकाठ

प्रतिसाद वाचून बरं वाटलं. अजून एक नाव सुचतंय. आमच्या रायगडातल्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, इटलीत जुलै १९४४ मध्ये धारातीर्थी पडले. पण त्यांच्याच मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतले नामदेव जाधव कमी लोकांना माहीत. नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. हे कंपनी कमांडरचे रनर, म्हणजे निरोप्ये. हल्ल्यात आजूबाजूचे बहुतेक पडले. जाधवांनी आधी एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. आणि त्यानंतर तिसऱ्यांदा जाऊन तीन मशीनगनच्या चौक्या गप्प केल्या. व्हिक्टोरिया क्रॉस. गोष्ट सांगताना लोक चौक्यांपासून सुरुवात करतात. मला ते दोन जखमी महत्त्वाचे वाटतात, कारण तेव्हा ते मागे थांबले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

अलीकडचं म्हणाल तर मेजर लैश्राम ज्योतिन सिंह, मणिपूरचे, मेडिकल कोअर. २६ फेब्रुवारी २०१० ला काबूलमध्ये भारतीय वैद्यकीय पथकाच्या निवासावर हल्ला झाला. हातात काही नाही. आत्मघातकी हल्लेखोराला मिठी मारून धरून ठेवलं, स्फोट होईपर्यंत. अशोकचक्र, मरणोत्तर.

काजूची_बी

सिस्टरना प्रश्न. जखमी सैनिक मरतो तो नेमका कशाने? आणि हातापायाला आवळून पट्टी बांधतात, ती आपण बांधावी का? आमच्याकडे साप चावला की दोरी आवळतात, तेच का हे?

ओटी_सिस्टर

नाही, नाही, नाही! हे दोन्ही कृपा करून एकत्र करू नका.

आधी पहिला भाग. अमेरिकेने २००१ ते २०११ मधल्या आपल्या युद्धातल्या साडेचार हजारांवर मृत्यूंचा अभ्यास केला. बहुतेक जण दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले होते. त्यातले जवळपास चौथा हिस्सा कदाचित वाचले असते, आणि या वाचू शकणाऱ्यांतले नव्वद टक्के रक्तस्रावाने गेले. मांडीची मोठी धमनी फाटली तर हातात काही मिनिटंच असतात. म्हणून आता सैनिकी उपचारात श्वासाच्याही आधी रक्त थांबवतात आणि त्यासाठी टूर्निकेट, म्हणजे तुम्ही विचारलेली ती आवळून बांधायची पट्टी, लागतं. पूर्वी ते शेवटचा उपाय मानत, हात-पाय जाईल म्हणून घाबरत. आता पहिला उपाय आहे.

रस्त्यावर वापरायचं तर एवढं लक्षात ठेवा. आधी स्वच्छ कापड कोंबून दोन्ही हातांनी दाबा, बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल तरच टूर्निकेट. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. तीनेक बोटं रुंद पट्टी हवी, सुतळी किंवा वायर नको, ती मांसात रुतते. काठी घालून पीळ द्या, रक्त थांबेपर्यंत. दुखेल, ओरडेल, तरी. वेळ कपाळावर किंवा हातावर लिहा. आणि बघायला म्हणून मध्येच सैल करू नका. मान, काख, जांघ इथे बांधता येत नाही, तिथे दाबूनच धरायचं.

सापासाठी मात्र आवळायचं नाही. हात-पाय हलू न देता आधार द्या आणि लसीची सोय असलेल्या दवाखान्यात पोचवा. आवळून आणलेले पाय कसे दिसतात ते मी लिहीत नाही, लोक जेवता जेवता वाचतात. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर आयुष्य घातलं, तरी आपल्याकडे अजून मांत्रिकाकडे वाट वळतेच.

काजूची_बी

धन्यवाद सिस्टर. पण अपघातात हात लावला तर पोलिसांचं झेंगट मागे लागतं ना?

ओटी_सिस्टर

२०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ ला फोन लावा आणि दाबून धरा.

जगबुडीकाठ

पेन्शनरकाका, एक विनंती. १५ ऑगस्टला आमच्या गावात शाळेच्या पटांगणावर कार्यक्रम असतो. यंदा तुमच्या त्या दोन मेडिकलवाल्या मित्रांना घेऊन याल का? सिस्टर, तुम्हीही. सत्काराचा नारळ-शाल मी बघतो.

पेन्शनर_दापोली

विचारून आलो. म्हणतात शाल नको, भाषण तर नकोच. पोरांना पट्टी बांधायला आणि स्ट्रेचर उचलायला शिकवू, तेवढं चालेल का? दोन बांबू आणि चादरी तयार ठेवा, बाकी सामान ते आणतील. चार-चार पोरांच्या टोळ्या करा. आणि वर झोपायला एक चांगला वजनदार माणूस लागेल, हलक्या पोराला उचलून काही कळत नाही.

ओटी_सिस्टर

मी येते. गॉज आणि रुंद पट्ट्या माझ्याकडे.

वेंगुर्ल्याचो_बाबलो

झोपूक मी येतंय. वजन इचारू नकात.